तीनदा वाफवलेली माती

माझ्या हातून निघालेल्या मातीत काहीही जिवंत नसतं, असं मी सव्वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई काय अभद्र बोलते. पण माझं कामच ते आहे. आमची संस्था झाडांच्या रोगांवर संशोधन करते. तिच्या तळघरात वाफेची खोली आहे आणि त्या खोलीत दोन ऑटोक्लेव्ह आहेत, म्हणजे आपले कुकरच, फक्त थोरल्यात एक माणूस मांडी घालून बसेल. वर तीन मजल्यांवर जे काही शास्त्र चालतं ते आधी माझ्या हाताखालून जातं. बाटल्या, जीवाणू वाढवायच्या प्लेटा, चिमटे आणि पिशव्याच्या पिशव्या माती.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव असतात. त्यातला एकच घेऊन त्याचे गुण-अवगुण बघायचे, तर बाकीच्यांना आधी घालवावं लागतं. ते घालवणारी मी. वरचे लोक मला वाफमावशी म्हणतात आणि मला घाबरतात. घाबरायलाच हवं. झाकणं घट्ट पिळून बाटल्या पाठवतात आणि आत त्या फटाफट फुटतात. अशा दोन डॉक्टरेटवाल्यांना मी जिन्यात उभं करून झापलेलं आहे. सव्वीस वर्षांत माझ्या खोलीतून गेलेली एक प्लेट खराब निघाली, अशी तक्रार कुणाची नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने लग्न केलं ते याच संस्थेतल्या एका शास्त्रज्ञ मुलीशी. तो मला विसरलेला डबा द्यायला यायचा. मी डबा विसरत नव्हते तरी यायचा, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. सून हुशार, कामाला वाघ, आणि घरात चहाचा कप जिथे पिईल तिथेच विसरणारी. तिच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर मात्र सुईसुद्धा जागची हलत नाही. मी सासू आहे म्हणून कौतुक हातचं राखून करते, एवढंच.

तिच्याकडे एक जीवाणू होता. काकडीच्या रोपांना मूळकूज नावाचा रोग होतो. मातीतली बुरशी मुळात शिरते, मुळं काळी पडतात आणि सकाळी टवटवीत असलेलं रोप संध्याकाळी मान टाकतं. एका शेडमधली सगळी रोपं अशी गेली आणि त्यांच्या मधोमध एकच ठणठणीत उभं राहिलं. सुनेने ते मुळासकट उचलून आणलं. त्याच्या मुळांवर राहणारे दीडशेएक प्रकारचे जीवाणू वेगळे केले, एकेकाला बुरशीसमोर उभं केलं आणि त्यातून हा एक शोधून काढला. हा मुळाला चिकटून राहतो आणि असं काही विष सोडतो की बुरशी पुढे सरकतच नाही. त्याला वहीत लांबलचक नंबर होता. मी त्याला पठ्ठ्या म्हणायला लागले आणि बघता बघता सगळा मजला पठ्ठ्या म्हणू लागला.

पहिल्या वर्षी तिने माझ्याकडून वाफवलेली माती नेली आणि चाळीस कुंड्या मांडल्या. सगळ्यांत बुरशी घातली, पण पठ्ठ्या फक्त निम्म्यांत. पठ्ठ्या नसलेल्या वीसही कुंड्यांतली रोपं आडवी झाली. पठ्ठ्या असलेल्या विसांतली एकोणीस ताठ उभी. मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन त्या रांगेपुढे उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, सून माझी आणि मातीही माझी.

मग मोठा प्रयोग ठरला. दोनशे कुंड्या, आणि शेवटी बाहेरचे दोन तज्ज्ञ येऊन बघणार. त्यांनी मान हलवली तर काम पुढे चालू, नाहीतर बंद. सुनेची नेमणूक याच कामापुरती होती, म्हणजे काम बंद तर तीही घरी. तिने घरात हे एकदाच सांगितलं.

आता मी काय केलं ते ऐका. मी त्या मातीचे लाड केले. नेहमी मातीला एकदाच वाफ देतात. पण काही जीव मोठे बेरकी असतात. उष्णता लागली की अंगाभोवती कवच करून पडून राहतात आणि माती गार झाली की डोकं वर काढतात. त्यांनी डोकं काढलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ द्यायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग कवचवाल्यांचीही धडगत नाही. हे फार वेळखाऊ, म्हणून कुणी करत नाही. मी सुनेसाठी केलं. माती ट्रेमध्ये बोटभर जाडीची पसरून, तीन दिवस, तीनदा. आणि रजिस्टरात लिहिलं, ‘एक वेळ’. लोकांनी म्हणायला नको, सासू सुनेचं वेगळं बघते. सुनेलाही सांगितलं नाही. म्हटलं, यश आलं की मनातल्या मनात हसू.

बाराव्या दिवशी रोपं पडायला लागली. विसाव्या दिवशी दोनशेही कुंड्या सारख्याच दिसत होत्या. पठ्ठ्या असलेल्या आणि नसलेल्या, सगळ्या आडव्या.

सुनेने पठ्ठ्या मेला का ते पाहिलं. मेला नव्हता. उलट मुळांवर पहिल्या वर्षीपेक्षा दुपटीने माजला होता, पण नुसता बसून खात होता. विष म्हणून थेंबभर सोडत नव्हता. तिने बुरशी तपासली, पाणी तपासलं, बियाणं तपासलं. माती तपासायचं तिच्या मनातही आलं नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडम कडक आहेत, पण वाईट नाहीत. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, “पहिल्या वर्षीचा निकाल योगायोग असणार. तज्ज्ञ येतील तेव्हा तूच आधी तसं लेखी दे. लपवण्यापेक्षा ते बरं.”

सून ते पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत होती. मी बटाटे सोलत होते. तिने एक वाक्य लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं.

“आई, मला एकोणीस रोपं उभी दिसली होती ना हो?” तिने विचारलं. “तुम्ही पण बघितली होती ना?”

“बघितली म्हणजे? मोजली होती मी.”

“मग मी वेडी नाही,” ती म्हणाली आणि पत्राचा कागद उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने कोठारातून पहिल्या वर्षीच्या मातीच्या उरलेल्या दोन पिशव्या शोधून काढल्या. तोंड बांधलेल्या, वर माझी चिठ्ठी. त्या मातीत तिने बारा कुंड्या लावल्या, पठ्ठ्या आणि बुरशी दोन्ही घालून. तीन आठवड्यांनी बाराच्या बारा रोपं उभी होती. तज्ज्ञ यायला चार दिवस उरले होते.

तिने मला वर बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. त्या जुन्या मातीतल्या मुळावरचं पाणी होतं. आत काहीतरी पारदर्शक, बेडौल, सावकाश सरकत होतं. पुढे एक फुगवटा काढायचं आणि मागचं अंग त्यात ओढून घ्यायचं. वाटेत आलेले बारीक ठिपके गिळत होतं.

“अमिबा,” सून म्हणाली. तिचा आवाज घाईघाईचा झाला होता. “ते ठिपके म्हणजे पठ्ठ्या. अमिबा पठ्ठ्याला खातो, आई. मातीत हे चालूच असतं. समजा पठ्ठ्या विष सोडतो ते ह्यालाच पळवून लावायला? बुरशीशी त्याचं काही भांडण नाहीच. बुरशी आपली मध्ये सापडते आणि मरते. नव्या कुंड्यांत अमिबाच नाही, मग कुणाला घाबरायचं, कशाला विष बनवायचं? म्हणून तो नुसता खात बसला!”

मला ते एकदम पटलं. एवढं सुंदर पटलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली. पण पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला.

“पण नाही,” ती म्हणाली. “तसं असेल तर पहिल्या वर्षीच्या कुंड्यांतही अमिबा पाहिजे. आणि ती माती तुम्ही वाफवलेली. तुमच्या वाफेतून अमिबा कसा सुटेल?”

“अजिबात सुटणार नाही,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. सव्वीस वर्षांची सवय. “पिशव्या वर्षभर कोठारात पडून होत्या. नंतर शिरला असेल गाठीतून.”

“हो. तसंच असणार. मग ही बारा रोपंही पुराव्यात धरता यायची नाहीत.” तिने वहीत लिहिलेल्या चार ओळींवर सरळ रेघ मारली. पट्टी धरून, व्यवस्थित. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि आपलं डोकं बाजूला ठेवलं. मी जिना उतरून खाली आले आणि स्टुलावर बसले.

कारण मला आठवलं होतं. पहिल्या वर्षी ती माती द्यायची होती तेव्हा थोरल्या ऑटोक्लेव्हच्या दाराचं रबर फाटलं होतं. सगळं काम एकट्या धाकट्यावर. वरून सगळ्यांची घाई. मी पिशव्या ठासून भरल्या आणि सगळ्या एका फेरीत उरकल्या. पिशवीवर बाहेरून एक पट्टी चिकटवतात, उष्णता पुरेशी लागली की ती काळी होते. पट्ट्या सगळ्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. तपासायला माती घेतली ती पिशवीच्या तोंडाजवळची. तीही स्वच्छ निघाली. मी सही केली. पिशवीच्या पोटात काय झालं ते कुणी बघितलं? मी नाही बघितलं.

तरी मन मानेना. मनाला म्हटलं, उगाच संशय नको, खातरजमा कर. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी धाकट्यासाठी तशीच एक पिशवी भरली, तेवढीच ठासून. एक पट्टी बाहेर लावली आणि एक मातीच्या बरोबर मधोमध खुपसली. तेवढाच वेळ वाफ दिली. गार झाल्यावर पिशवी फोडली. बाहेरची पट्टी काळी. आतली पांढरीफटक, पाकिटातून काढली तशी. मोठा बटाटा वरून शिजावा आणि आत कच्चा राहावा, तसं झालं होतं. एखादी नवशिकी पोरगी असती तर तिला मी फाडून खाल्लं असतं.

मला रडू आलं नाही, राग आला. आधी रबरावर, मग घाई करणाऱ्यांवर, मग त्या अमिबावर. सरतेशेवटी ज्या माणसावर यायला हवा होता तिच्यावर आला. सांगितलं तर सव्वीस वर्षं पाण्यात. लोक म्हणतील, मग आमच्या मातीचं काय? आमच्या निकालांचं काय? आणि नाही सांगितलं तर पोरगी एका खऱ्या शोधावर आपल्या हाताने रेघ मारून घरी बसेल. तेही माझ्यावरच्या विश्वासाने. मी दोन्ही पट्ट्या रुमालात गुंडाळून कमरेला खोचल्या. त्या तीन दिवस तिथेच होत्या. घरी तिला वाढताना त्या मला टोचत होत्या, तरी माझं तोंड उघडलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण झालं तसं सांगते.

तज्ज्ञ आले. एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. मॅडमच्या खोलीत सगळे बसले. मी चहाचा ट्रे घेऊन गेले. माझं काम नव्हे ते, पण मला आत जायचं होतं. सून उभी राहून पत्र वाचत होती. आवाज स्थिर होता. “पहिल्या वर्षीचे निरीक्षण विश्वासार्ह नाही, असे मला आता वाटते,” इथपर्यंत आली आणि मी ट्रे टेबलावर जरा जोरातच आदळला.

“तिला थांबवा,” मी म्हटलं. “चूक तिची नाही. माझी आहे.”

मॅडम म्हणाल्या, “मावशी, आपण नंतर बोलू.”

“नंतर नाही. नंतर माझी हिंमत होणार नाही.” मी रुमाल सोडला आणि दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सगळं सांगितलं. फाटलेलं रबर, ठासून भरलेल्या पिशव्या, आतली पांढरी पट्टी. मग दुसऱ्या वर्षीचे लाड, तीनदा दिलेली वाफ आणि रजिस्टरातलं खोटं. “पहिल्या वर्षीच्या मातीत अमिबा होता. कोठारात शिरला नाही, आधीपासून होता. माझ्या वाफेतून वाचला. दुसऱ्या वर्षी मी तो मारला. ही पोरगी बरोबर सांगत होती, मी तिला गप्प केलं.”

मी सुनेकडे बघायचं टाळत होते. तिचाच आवाज आला.

“आई, तीनदा? तीन दिवस रोज?”

“हो.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“चुकलंच माझं.”

ती रागावेल असं वाटलं होतं. थोडी रागावलीही असेल, कान लाल झाले होते. पण तिने हातातलं पत्र मधोमध फाडलं, फळ्याकडे गेली आणि त्या दोन तज्ज्ञांना अमिबा, पठ्ठ्या, बुरशी आणि मूळ अशी चौघांची भानगड खडूने काढून समजावायला लागली. कोण कुणाला खातो, कोण कुणाला घाबरतो, आणि त्या मारामारीत काकडीचं कसं फावतं. चष्मेवाल्या बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. टक्कलवाले खुर्ची पुढे ओढून बसले. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझी अब्रू त्या टेबलावर पडली होती आणि तरी मला इतका आनंद होत होता की कुणाला सांगता येऊ नये.

“हे सिद्ध करून दाखवा,” शेवटी बाई म्हणाल्या. “सहा आठवडे देतो आम्ही.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “मावशी, मग पहिल्यासारखीच ठासून भरा पिशवी. अर्धवट वाफ द्या, म्हणजे अमिबा वाचेल.”

“ते माझ्याकडून होणार नाही,” मी म्हटलं. “एकदा नकळत झालं, ठीक. जाणूनबुजून कच्चं काम करायला मला सांगू नका. अर्धवट मातीत अमिबा वाचेल तसे आणखी छप्पन्न जण वाचतील, मग कुणामुळे काय झालं कसं कळणार? मी तीनदाच वाफ देते. प्रत्येक ट्रेच्या पोटात पट्टी घालून देते. अमिबा पाहिजे तर वरून तुम्ही सोडा.”

टक्कलवाले गृहस्थ मोठ्याने हसले. “प्रयोग असाच करायचा असतो,” ते म्हणाले. “यांना तिथे खाली कशाला ठेवलंय?”

सून वळून हसली. तिच्या त्या हसण्यावर मी महिनाभर जगले.

प्रयोग झाला. माझी माती कोरी, प्लेटवर टाकली तर ठिपका नाही. एका रांगेत बुरशी आणि पठ्ठ्या. दुसरीत बुरशी आणि अमिबा. तिसरीत बुरशी, पठ्ठ्या आणि अमिबा. पहिल्या दोन रांगा पंधरा दिवसांत झोपल्या. तिसरी रांग उभी राहिली, पन्नासांतली सत्तेचाळीस. पानं तळहाताएवढी. मी रोज जाऊन बघायचे आणि बघून खाली येताना आपली चाल बदललीय, हे मलाच कळायचं. काम चालू राहिलं. सुनेची नेमणूक पक्की झाली. मॅडमनी प्रत्येक पिशवीच्या पोटात पट्टी घालायचा नियम सगळ्या संस्थेला लावला. गेल्या काही वर्षांतल्या मातीचे निकाल परत तपासायला घेतले. त्यात काही जणांनी नाकं मुरडली, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं होतं.

मग शोधनिबंध लिहायची वेळ आली. एका रविवारी दुपारी सून कॉम्प्युटर घेऊन माझ्यासमोर बसली. बराच वेळ नुसती बोटं चाळवत होती.

“आई, एक विचारायचं होतं. पहिल्या वर्षीची माती नीट निर्जंतुक झाली नव्हती, हे लिहावं लागेल. मला गोलमोल लिहिता येईल. यंत्रातल्या बिघाडामुळे वगैरे. पण छापलं की ते कायमचं राहतं. जगभर वाचतील.”

“यंत्राने काय केलंय? पिशवी यंत्राने भरली होती का?”

“नाही, पण...”

“खरं ते लिही. आणि माझं नाव घाल.”

“आभारात तुमचं नाव आहेच, आई. सगळ्यात वर घातलंय.”

“आभारात नको. चूक जिथे लिहिशील तिथे घाल. कुणी केली ते लोकांना कळू दे. आणि त्या चुकीतून माझ्या सुनेने काय काढलं, तेही कळू दे.”

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ती गुणी पोर टाइप करत राहिली. मग मला वाचून दाखवलं. माझं नाव होतं, हुद्दा होता, ठासून भरल्याचं होतं, एकाच फेरीचं होतं. “प्रत्येक पिशवीत सात किलो माती होती,” तिने वाचलं.

“सात कुठून आणलंस?”

“रजिस्टरात आहे.”

“रजिस्टरात नेहमीचं लिहिलंय. त्या दिवशी नऊ भरली होती. नऊ कर,” मी म्हटलं. “माझं नाव आहे तिथे. नीट लिही.”